मदत हवी आहे: जपानच्या कारखान्यासाठी मुलाखत, पाठ केलेली उत्तरं द्यावीत का?

नमस्कार मंडळी. मी हातकणंगले तालुक्यातला. आयटीआय टर्नर, त्यानंतर शिरोली एमआयडीसीत एका मशीनशॉपमध्ये दोन वर्षं सीएनसी टर्निंगवर (संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या लेथवर) होतो. जपानच्या टेक्निकल इंटर्न योजनेतून आयची प्रांतातल्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यासाठी माझी मुलाखत येत्या मंगळवारी आहे. व्हिडिओ कॉलवर, दुभाषी मध्ये असणार. एका जागेसाठी तीन मुलं उभी करणार आहेत.

भाषेची भीती फारशी नाही. हाजिमेमाश्ते पासून योरोशिकु ओनेगाइशिमासु पर्यंत स्वतःची ओळख झोपेतून उठवलं तरी सांगेन. अडचण वेगळी आहे. क्लासमध्ये आम्हा सगळ्यांना एकच उत्तरपत्रिका दिली आहे. जपान का? "लहानपणापासून जपानची संस्कृती आवडते." कामात कधी चूक झाली का? "नाही." पुढं काय करणार? "जपानमध्ये कायम राहणार." यातलं एकही माझं खरं नाही. घरावरचं कर्ज फेडायचंय आणि चांगल्या मशीनवर काम शिकायचंय, म्हणून जायचंय.

आणि चूक माझ्या हातून झालेली आहे. रात्रपाळीत ऑफसेट, म्हणजे मशीनला द्यायची मापातली दुरुस्ती, देताना ०.०२ मिमीच्या जागी ०.२ दिलं. दर पाचव्या जॉबला (मशीनवर बनणाऱ्या भागाला) माप घ्यायचो, त्यामुळं कळेपर्यंत पाच जॉब मायनस, म्हणजे मापापेक्षा कमी, गेले होते. ऑफसेट दुरुस्त केला, मशीन चालू केलं आणि सकाळी सुपरवायझर आल्यावर स्वतःहून सांगितलं. शिवाय वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा काम सोडलं, त्याला पाच महिने झाले. हे सगळं सांगितलं तर नाव कापतील का? क्लासवाले म्हणतात, "शहाणपणा करू नकोस." ज्यांनी अशी मुलाखत दिली आहे त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १

भावा, मी तिकडं तीन वर्षं काढून आलोय. तीन मुलांनी ओळीनं तेच वाक्य म्हटलं की समोरच्याला पहिल्या मिनिटात कळतं. चूक सांग. पण तुझ्या गोष्टीत एक कच्चा दुवा आहे आणि मुलाखत घेणारे नेमकं तिथंच बोट ठेवतील. पाच जॉब गेले हे ते समजून घेतील. तू स्वतःच ऑफसेट बदलून मशीन परत चालू केलंस आणि सांगितलंस सकाळी, हे त्यांना खटकेल. तिकडच्या शॉपमध्ये पहिल्याच आठवड्यात शिकवतात: तोमेरु, योबु, मात्सु. थांबव, हाक मार, वाट बघ. मापात फरक दिसला तर आधी मशीन बंद, मग वरच्याला बोलाव, तो येईपर्यंत हात लावायचा नाही. तेव्हा चूक सांगताना हेही सांग की आज तसं झालं तर आधी काय करशील.

"कायम राहणार" हे तर अजिबात म्हणू नकोस. ही योजनाच काम शिकून मायदेशी परतण्यासाठी काढलेली आहे. कर्जाचं लाजू नकोस, पण परत आल्यावर काय करणार तेही सांग. वडिलांच्या आजारपणाचं दोन वाक्यांत सांग. आता घरी त्यांच्याजवळ कोण आहे, हा प्रश्न नक्की येतो.

अजून एक. समजलं नसेल तर मान हलवून "हाय, हाय" (हो, हो) करू नकोस. आपली सगळी मुलं इथं फसतात. "मोऊ इचिदो ओनेगाइशिमासु" (कृपया परत एकदा सांगा) म्हण, ते आनंदानं परत विचारतात. कारखान्यात न समजता "हो" म्हणणारा माणूस स्वतःची बोटं गमावतो, हे त्यांना माहीत असतं.

प्रतिसाद २

मी आयटीआयमध्ये शिकवतो. काही कारखाने ड्रॉइंग पुढं धरून माप विचारतात. वस्तूची वेगवेगळ्या बाजूंची दृश्यं कागदावर मांडायच्या दोन पद्धती आहेत. आपल्याकडं तुम्ही फर्स्ट अँगल प्रोजेक्शनवर शिकला आहात, जपानी ड्रॉइंग थर्ड अँगलमध्ये असतं. त्यात वरचं दृश्य वर आणि उजवं उजवीकडंच. रोज दोन ड्रॉइंगं वाचून सवय करा, नाहीतर येत असलेलं उत्तरही चुकेल. मायक्रोमीटरवर ०.०१ आणि व्हर्नियरवर ०.०२ मिमीचं वाचन बिनचूक यायला हवं. कधीकधी शेजारशेजारचे दोन आकडे मिळवून एककस्थानचा अंक लिहायची भराभर बेरजांची चाचणीही घेतात. घड्याळ लावून सराव करा.

प्रतिसाद ३

पैशाचं कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. माझा भाऊ परदेशी गेला तेव्हा आम्ही आधी न विचारता बरेच पैसे रोख देऊन बसलो. एजंटाचा परवाना भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर बघता येतो. परवानाधारक एजंटाला सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच घेता येतं. पावती घ्या. मूळ पासपोर्ट "सांभाळायला" कुणाकडं ठेवू नका. मुलाखतीच्या शेवटी "काही विचारायचंय का?" म्हणतील, तेव्हा खोलीचं भाडं, विमा आणि पेन्शन कापून हातात किती येतात ते बिनधास्त विचारा. पेन्शनची काही रक्कम जपान सोडल्यावर परत मागता येते, पण अर्ज दोन वर्षांच्या आत करावा लागतो.

धागाकर्ता

दादा, सर, ताई, मनापासून आभार. उत्तरपत्रिका बाजूला ठेवली. "कामात कधी चूक झाली का?" याचं उत्तर असं लिहिलंय, आधी मराठीत, मग जपानीत करणार आहे:

"माझ्या हातून ऑफसेट चुकून पाच जॉब रिजेक्ट झाले. मी मशीन स्वतःच परत चालू केलं आणि सकाळपर्यंत कुणाला सांगितलं नाही. ते बरोबर नव्हतं. रात्री सुपरवायझरला फोन करायला हवा होता. त्यानंतर मी ऑफसेट दिला की पुढचा पहिला जॉब मोजल्याशिवाय दुसरा लावत नाही."

यातलं काही खोडायचं किंवा घालायचं असेल तर सोमवार रात्रीपर्यंत सांगा. आणि सर, थर्ड अँगलची सोपी ड्रॉइंगं तुमच्याकडं असतील तर इथं टाकाल का?