आजोबांची साइडकार बुलेटला जोडायची आहे. पण ही आहे कोणत्या कंपनीची?

परळचा_बुलेटवाला
चाळीच्या जिन्याखाली आजोबांची साइडकार पडून आहे. टप, म्हणजे माणूस बसतो तो डबा, सडलाय, कंपनीची पट्टी कोणीतरी केव्हाच उचकटून नेली. चासी, म्हणजे खालचा सांगाडा, आणि चाक मात्र धड आहे. आजोबा आता नाहीत, त्यामुळे विचारणार कोणाला? माझ्याकडे जुनी कास्ट आयर्न इंजिनची 350 बुलेट आहे. बाबांना गुडघ्यांमुळे मागे टांग टाकून बसवत नाही, म्हणून हा उद्योग. कंपनी कशी ओळखायची? आणि बसेल का ही बुलेटला?

नाना_चौक
बघ बाबा, स्वॅलो कंपनीची निघाली तर लॉटरी! विल्यम लायन्स आणि विल्यम वॉम्स्ली यांनी 1922 मध्ये ब्लॅकपूलला साइडकारी बनवायला सुरुवात केली, पुढे मोटारी बनवू लागले, आणि 1945 मध्ये त्याच कंपनीचं नाव जॅग्वार झालं.

लालबागचा_मेस्त्री
जॅग्वार राहू दे, आधी चाक बघ. साइडकार जशी चालते तशी ठेव, नाक पुढे. चाक डाव्या हाताला आलं तर माल इंग्लंडचा किंवा आपल्याकडचा. उजव्या हाताला आलं तर उजवीकडून गाडी चालवणाऱ्या देशातला, म्हणजे न्युरेम्बर्गची स्टाइब वगैरे. तशी असेल तर विकून टाक, आपल्या रस्त्यावर बाबांना थेट समोरच्या ट्रकच्या अंगावर बसवशील.

मग चाकाचा साइझ माप. आठ किंवा दहा इंची रिम म्हणजे स्कूटरची साइडकार. मुंबईत एपीआय, म्हणजे ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाच्या कारखान्यात लँब्रेटा बनायची, पुढे चेतक आली. असल्या स्कूटरला बाजूला टप लावून अख्खं बिऱ्हाड हिंडायचं. ती चासी बुलेटच्या वजनापुढे टिकणार नाही. मोठं चाक असेल तर वॉट्सोनियन किंवा कानपूरची कोझी, या दोन शक्यता आधी तपास. वॉट्सोनियन 1912 ची, बर्मिंगहॅमची. घराशेजारच्या बोळातून साइडकार आत जाईना, म्हणून वॉट्सनने घडीची चासी बनवली. आमच्या लालबागच्या चाळींत जन्माला यायचा माणूस!

परळचा_बुलेटवाला
मेस्त्रीकाका, चाक डावीकडे, मोठंच आहे. चासीवर रंगाचे थर आहेत, नंबर दिसत नाही. टप नवीन बनवून घेईन. जोडताना काय सांभाळायचं?

लालबागचा_मेस्त्री
रंग खरवडून चासीला सांध्यांजवळ तडे आहेत का ते बघ. नंबर त्यानंतर. टप लाकडाचा कर नाहीतर पत्र्याचा, जीव चासीत आहे.

बुलेटला चार ठिकाणी धर. एका पाइपावर सगळा भार नको. चाकांना सरळ अॅल्युमिनियमचे चॅनल लावून माप घे: साइडकारचं चाक पुढच्या बाजूला आत वळलेलं हवं, अर्धा ते पाऊण इंच. बाइक साइडकारपासून किंचित बाहेर, म्हणजे उजवीकडे, कललेली हवी. साइडकारचं चाक बाइकच्या मागच्या चाकाच्या थोडं पुढे येईल असं बसव. हे जमलं नाही तर हँडल सतत एकीकडे ओढत राहील आणि मनगटं संध्याकाळी बोंबलतील. स्विंगआर्मचे, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचे, बुश आधीच नवीन टाक, बाजूचा ताण त्यांच्यावर येतो. गिअरबॉक्सचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चक्र, एक दात कमीचं लाव, नाहीतर चढावर इंजिन रडेल.

अॅक्सिलरेटर दिला की गाडी डावीकडे ओढते, ब्रेक मारला की उजवीकडे. रिकाम्या टपाने डावं वळण जोरात घेतलंस तर चाक हवेत जाईल. बाबा नसतील तेव्हा तिथे वाळूची गोण टाक. आणि सवय लागेपर्यंत पहाटेचं मोकळं मैदान गाठ, परळचा ब्रिज नको.

नाना_चौक
आरटीओचं काय? तीन चाकं म्हणजे रिक्षाच झाली की.

लालबागचा_मेस्त्री
नाही. 1988 च्या मोटर वाहन कायद्यात मोटरसायकलच्या व्याख्येतच सुटी करता येणारी साइडकार धरलेली आहे, कलम 2, पोटकलम 27. पण मूळ गाडीत बदल म्हणून कलम 52 बघ, आणि जोडायच्या आधीच आरटीओत विचार. इन्शुरन्सवाल्यालाही कळव. आणि सी लिंकवर जायची स्वप्नं बघू नकोस, तिथे मोटरसायकल बंद म्हणजे ही पण बंद.

परळचा_बुलेटवाला
बाबांनी वाचलं. म्हणाले, गोण मागच्या खोलीत आहे, आणि टपात बसायला दार हवं, वरून उडी मारणार नाही. टपाला दार करता येतं का काका?

लालबागचा_मेस्त्री
येतं. फूटपाथच्या बाजूने, म्हणजे डावीकडे कर. कडीला आतून खटका ठेव.