परकी, उपरी, आगंतुक… नेमका शब्द कोणता?

कर्वेनगरकर: पुण्यात बसून समुद्रावर लिहितोय, हसू नका. जहाजाच्या बुडाला, धक्क्याच्या खांबांना शिंपले, बार्नॅकल (कवचवाला छोटा समुद्री जीव), शेवाळ असा जो थर चिकटतो ते फाउलिंग, आणि त्यात दुसऱ्या समुद्रातनं आलेल्या ज्या जाती असतात त्या नॉन-नेटिव्ह. दोन्हींना मराठी शब्द हवेत. मी 'परकीय आक्रमक जैवदूषण' लिहिलं तर बायको म्हणाली, अफझलखानावर आहे का?

मुठाकाठ: वहिनींचं बरोबरै. 'आक्रमक' आधी काढा. बटाटा, मिरची, पेरू सगळे अमेरिकेतनं आले, त्यांना कोण आक्रमक म्हणतं? नदीतली जलपर्णी मात्र आक्रमक. म्हणजे बाहेरनं येणं वेगळं आणि येऊन उच्छाद मांडणं वेगळं. आणि 'जैवदूषण' म्हटलं की डोळ्यांसमोर नाल्याचं पाणीच येतं.

हौशी: फाउलिंगला 'बांडगूळ' चालेल का?

हर्णैचा भाचा: नाही हो, बांडगूळ झाडाचा रस पितं. बार्नॅकल होडीकडून काही घेत नाही, डोक्याकडनं सिमेंटसारखा चिकटतो आणि पाय बाहेर काढून पाण्यातलं बारीकसारीक ओढून खातो. पावसाळ्यात होडी वर ओढली की मामा पत्र्याने खरवडायचे, पांढऱ्या कवच्या अशा धारदार की हात कापायचाच. शब्द वगैरे काही नाही, 'बुड खरवडायला घेतलंय' एवढंच म्हणायचे. मला 'पुट' बरा वाटतो. बुडाला पुट चढलं.

कर्वेनगरकर: 'पुट' घेतला! आता नॉन-नेटिव्हला 'आगंतुक'?

मुठाकाठ: आगंतुक जेवून जातो तरी, हे बिऱ्हाड थाटतात. शिंपल्यावर बार्नॅकल, बार्नॅकलवर शेवाळ, म्हणजे वर पोटभाडेकरू पण. 'उपरा' नको, त्यात हिणवणं आहे, आणि ते बिचारे आपल्याच बोटींना चिकटून आले. 'विदेशी' पण नको, एकाच देशाच्या दोन किनाऱ्यांवर जाती वेगळ्या असू शकतात. 'परमुलखी' कसा वाटतो? मुलूख म्हणजे देशच असं नाही. उदा. कॅरिबियनकडचा मायटिलॉप्सिस नावाचा शिंपला, १९६७ साली विशाखापट्टणमला सापडला, पुढे मुंबईतही. तो परमुलखी आणि आक्रमकही, दोन्ही.

हौशी: आणि ज्याचं मूळ गावच ठाऊक नाही तो?

मुठाकाठ: असे पुष्कळ आहेत. काही बार्नॅकल जगभरच्या बंदरांत दिसतात, पण लाकडी गलबतं शेकडो वर्षं फिरत होती आणि मोजदाद फार उशिरा सुरू झाली, आता कुठला कोण कसं सांगणार. ऋषीचं कूळ नि नदीचं मूळ, त्यात बार्नॅकलचं गाव टाका. 'अज्ञातमूळ' म्हणा, थोडा शाळकरी आहे पण कळतो.

कर्वेनगरकर: 'परमुलखी' घरी वाचून दाखवला. म्हणाली, म्हणजे सासरी आलेली सून का? विचार करतोय.