मदत हवी आहे: कोहिररची हातोडी थांबतच नाही

नमस्कार मंडळी,

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी नववीच्या मुलांना घेऊन त्सुशिमाच्या लढाईच्या काळातलं बिनतारी यंत्र उभं करतोय. 27 मे 1905 च्या पहाटे जपानच्या 'शिनानो मारू'ला रशियन आरमार दिसलं आणि 'शत्रू (नकाशावरच्या) 203 क्रमांकाच्या चौकोनात' ही खबर जपानी ताफ्याचे प्रमुख ॲडमिरल टोगोंपर्यंत बिनतारीने पोचली. लढाईची गोष्ट मुलांना आवडलीच, पण ती खबर टिपणारा खलाशी नेमकं काय करत होता, हे त्यांना स्वतःच्या हाताने करून बघायचंय. त्याच्यापुढे कोहिरर (धातूचा कीस भरलेली काचेची नळी; बिनतारी लहर आली की कीस जुळून वीज जाऊ देतो, टिचकी मारली की सुटतो), रिले (छोट्या प्रवाहाने चालणारा विजेचा स्विच) आणि कागदी पट्टीवर टिंब-रेघा उमटवणारं यंत्र असे. हे सगळं डुगडुगत्या जहाजावर जुळवून ठेवायचं, हेच त्याचं खरं काम. मला ते फार मोठं वाटतं.

आमची जोडणी अशी: काचेच्या नळीत दोन पितळी स्क्रू, मधल्या मिलिमीटरभर फटीत निकेल पट्टी कानशीने घासून काढलेला कीस. दीड व्होल्टचा सेल, ट्रान्झिस्टर, रिले. टिचकी मारायला वाटी काढलेली विजेची घंटी. ठिणगीला गॅस लायटर.

लायटर दाबला की घंटीची हातोडी सुरू होते, ती थांबतच नाही. तिची तार काढून नळीवर पेन्सिलीने टिचकी मारली की रिले लगेच सुटतो. म्हणजे घंटीचीच ठिणगी कीस पुन्हा जुळवतेय का? ती कशी दाबू? आणि टिचकी किती जोरात असावी? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद:

सर, संशय बरोबर आहे. मार्कोनीच्या संचांतही हीच अडचण होती. रिले आणि हातोडीच्या संपर्कांना ते समांतर रोध जोडत, कोहिररच्या तारांत चोक कॉइल (झपाट्याने बदलणारा प्रवाह अडवणारं तारेचं वेटोळं) घालत. तुम्ही 0.1 मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर आणि 100 ओहमचा रोध एकसर करून घंटीच्या संपर्कबिंदूंवर लावा, रिलेच्या बिंदूंवरही लावा. घंटीला सेल वेगळा द्या.

टिचकी हलकी आणि भरभर हवी. संदेश पाठवणाऱ्याने चावी दाबलेली असेपर्यंत कीस जुळतो, टिचकीने सुटतो, परत जुळतो. पट्टीवरचं यंत्र तेवढं चपळ नसल्याने सलग रेघ उमटते. म्हणून तर वेग मिनिटाला जेमतेम बारा-पंधरा शब्दांचा. तुमचा लायटर एका दाबाला एकच ठिणगी देत असेल, तर रेघेसाठी तो पटापट दाबावा लागेल.

निकेल पट्टीही तपासा. बाजारात मुलामा दिलेली लोखंडी पट्टी सर्रास मिळते. ओरखडा काढून मिठाच्या पाण्यात ठेवली की गंजते. मार्कोनी 95 टक्के निकेल, 5 टक्के चांदी वापरत असे.

जगदीशचंद्र बोस यांनी 1899 मध्ये मांडलेल्या पाऱ्याच्या कोहिररला टिचकी लागत नसे, पण मुलांच्या हाती पारा मुळीच देऊ नका.

रिलेचा नंबर आणि जोडणीचा फोटो टाका, चोकला किती वेढे लागतील ते सांगतो.