खरा डबा (म्हणजे खरं यंत्र) चाचणीच्या लूपमध्ये हवाच का? एरियान ५ वरून वाद

खटपट्या:
४ जून १९९६, एरियान ५ या युरोपियन रॉकेटचं पहिलं उड्डाण, ४० सेकंदांच्या आसपास रॉकेट वाकडं झालं आणि फुटलं. ६४ बिटचा आकडा १६ बिटात कोंबला, मावला नाही, रॉकेटचा वेग-दिशा मोजणारी दोन्ही इनर्शियल युनिटं बंद पडली, हे सगळ्यांना पाठ आहे. मला खुपतं ते वेगळंच. जमिनीवरच्या क्लोज्ड लूप टेस्टमध्ये (कॉम्प्युटरचा हुकूम खोट्या उड्डाणात जातो, त्याचं उत्तर परत कॉम्प्युटरला, असा फेरा) ते युनिट लावलंच नव्हतं! त्याच्या जागी सॉफ्टवेअरचं सोंग. म्हणून म्हणतो, फ्लाइट कॉम्प्युटर, सेन्सर सगळं खरंखुरं रिगवर, म्हणजे चाचणीच्या मांडणीवर, लावा आणि त्यांना खोटं उड्डाण दाखवा. खर्च झेपत नसेल तर उडवू नका.

गणिती_काका:
असं कसं? त्या युनिटच्या स्पेसिफिकेशनमध्ये एरियान ५ चा उड्डाणमार्गच घातला नव्हता. एरियान ४ चा जुनाच मार्ग खाऊ घातला असता तर खऱ्या डब्यानेही हिरवा दिवा दिला असता. शिवाय रिगवर एक सेकंद म्हणजे एकच सेकंद, नुसत्या सॉफ्टवेअरवर मी रात्रभरात हजारो रन मारतो. शियापारेली घ्या, २०१६, मंगळावर उतरायला गेलेलं युरोपचं यान. सेन्सर सॅच्युरेट झाला (मोजायची मर्यादा संपली), उंची निगेटिव्ह आली, ३.७ किमी वर असतानाच यानाला वाटलं आपण उतरलो. हे सगळं कॉम्प्युटर सिम्युलेशनमध्ये जसंच्या तसं निघालं.

खटपट्या:
निघालं, पण आपटल्यावर! वरातीमागून घोडं. आणि रिअल टाइम हा दोष नाही हो काका, तोच तर मुद्दा आहे. डिसेंबर २०१९ ला बोइंगच्या स्टारलायनर यानाचं घड्याळ ११ तास चुकलं, आधी कळलं का नाही, तर लाँच ते डॉकिंग अशी लांबलचक टेस्ट एका दमात न चालवता तुकडे पाडून केली. इस्रोने चांद्रयान ३ च्या वेळी लँडरचे सेन्सर हेलिकॉप्टरवरून उडवून तपासले ते काय हौस म्हणून?

सोल्डरवाली:
दोघांनाही एक किस्सा. कॉलेजचा छोटा उपग्रह, तीन आठवडे आमची रिग हिरवीगार, फ्लाइट बोर्ड खरा, बाकी एम्युलेटर, म्हणजे खऱ्या भागांची सॉफ्टवेअरमधली नक्कल. शेवटच्या दिवशी एका पोराने सहज टॉर्क कॉइलजवळ (उपग्रह वळवणारं चुंबकाचं वेटोळं) होकायंत्र धरलं तर सुई भलतीकडेच. वाय अक्षाच्या दोन वायरी उलट! डॉक्युमेंटमध्येच प्लस मायनस उलटं छापलेलं, त्यावरूनच हार्नेस (वायरींचा जुडगा), त्यावरूनच एम्युलेटर, त्यामुळे दोघं एकमेकांना बरोबर म्हणत बसले. वर गेला असता तर थांबायच्या ऐवजी आणखी गरागरा फिरला असता. होकायंत्र शंभर रुपयांचं असेल.

गणिती_काका:
बघा, मी म्हणत होतो ना. मॉडेल चुकीचं तर रिग काय कामाची.

खटपट्या:
ताई, पण तुमच्या लूपमध्ये कॉइल होतीच कुठे? अर्धं सोंगच लावलं होतं की.

सोल्डरवाली:
लावली होती हो आधी. चुंबकीय क्षेत्र मोजणारा मॅग्नेटोमीटर शेजारच्या गोदरेजच्या कपाटाचंच फील्ड मोजत बसला, म्हणून काढली. कपाट हलवायला परवानगी लागते 😄 पुढच्या वेळी एम्युलेटर लिहिणाऱ्याला ते डॉक्युमेंट दाखवायचंच नाही, त्याने बोर्डावर हाताने मोजून लिहायचं, असं ठरवलंय.