मदत हवी आहे : पाळीच्या अडचणीसाठीचे अ‍ॅप आणि खात्रीचा प्रश्न

मुंबईच्या लोकलने रोज जाणाऱ्या बायकांसाठी आम्ही तिघी मैत्रिणी अँड्रॉइड अ‍ॅप तयार करत आहोत. अचानक पाळी आली आणि पर्समध्ये पॅड नसेल, तर जवळपासच्या नोंदणी केलेल्या बाईकडे विनंती जावी, एवढेच त्याचे काम आहे. १ रुपयाला ‘सुविधा’ पॅड देणारी जनऔषधी केंद्रे त्यात दाखवली आहेत. परंतु गर्दीच्या डब्यात अडकलेल्या मुलीला त्यांचा काय उपयोग!

पहिल्या आराखड्यात विनंती करणारीचा ठिपका नकाशावर दिसत असे. चाचणीत एका मुलीने विनंती टाकली आणि लगेच पुसली, कारण आपण कुठे उभ्या आहोत हे कोणालाही दिसते, ही तिची भीती रास्त होती. त्यानंतर अँड्रॉइड १२ पासून मिळणारे अंदाजे ठिकाण वापरले, पण सुमारे ३ चौरस किलोमीटरच्या घेरात दादरचा नेमका फलाट सापडत नाही. म्हणून आता विनंती स्वीकारली गेल्यावरच फलाट आणि डबा कळेल, अशी रचना केली आहे.

आधार किंवा छायाचित्र मागायचे नाही आणि पाळीची कोणतीही नोंद सर्व्हरवर ठेवायची नाही, हे आमच्यासाठी पक्के आहे. या मर्यादेत, विनंती स्वीकारणारी व्यक्ती खरोखर बाईच आहे याची खात्री कशी करून घ्यावी?