करिंथकरांस पहिले पत्र: ऐतिहासिक पार्श्वभूमीसह वाचण्यासाठी सल्ला हवा आहे

ओसरी: नमस्कार. आमच्या चर्चच्या अभ्यासमंडळात बायबलच्या नव्या करारातले, प्रेषित पौलाने ग्रीसमधील करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेले हे पत्र चार रविवारी वाचायचे ठरले असून सुरुवात मी करून द्यायची आहे. आठव्या अध्यायापाशी, म्हणजे मूर्तीला दाखवलेल्या नैवेद्याच्या प्रश्नापाशी, मी नेहमी अडखळते. शेजारच्या सत्यनारायणाचा शिरा द्रोणातून घरी आला की आमची आजी हाच अध्याय काढून बसत असे आणि शिरा खावा की नाही, यावर घरात दोन मते पडत. करिंथच्या मंडळीपुढे हा प्रश्न कोणत्या स्वरूपात उभा होता, आणि तो समजून घेण्यासाठी कोणत्या क्रमाने काय वाचावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

जुने_बंदर: ओसरीताई, पहिल्या अध्यायापासून सरळ वाचत जाऊ नका, असे मी आग्रहाने सुचवेन. आधी नव्या करारातल्याच ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा १८वा अध्याय वाचा. पौल करिंथात दीड वर्ष राहिला, तंबू करणाऱ्या अक्विला व प्रिस्किल्ला यांच्याबरोबर त्याने काम केले आणि अखया या रोमन प्रांताचा सुभेदार गल्लियो याच्यापुढे त्याला उभे करण्यात आले, हे सारे तिथे आहे. देल्फी येथे सापडलेल्या सम्राट क्लॉडियसच्या शिलालेखात याच गल्लियोचा उल्लेख असल्यामुळे त्याचा कार्यकाळ इ.स. ५१-५२च्या सुमाराचा ठरतो. पौलाच्या आयुष्यातील इतर घटनांच्या तारखा बऱ्याच अंशी या एका लेखावरून मोजल्या जातात. पत्र त्यानंतर दोन-तीन वर्षांनी इफिसहून लिहिले गेले, म्हणजे येशूचे चरित्र सांगणाऱ्या चारही शुभवर्तमानांच्या आधी.

शहराविषयी थोडे. रोमन सेनापती मुम्मियसने इ.स.पू. १४६ मध्ये जुने करिंथ उद्ध्वस्त केले आणि इ.स.पू. ४४ मध्ये जूलियस सीझरने तिथे रोमन वसाहत वसवली. वसाहतीत आलेल्यांत गुलामगिरीतून मुक्त झालेले लोक मोठ्या संख्येने होते. चिंचोळ्या संयोगभूमीवरच्या या शहराला पश्चिमेला लेखायन आणि पूर्वेला किंख्रिया अशी दोन बंदरे होती. घराण्याचे नाव नसले तरी व्यापारातून वर येता येईल, असे ते गाव होते. पत्रात मोठेपणावरून जी चढाओढ दिसते तिचे मूळ मला इथे दिसते.

आता नैवेद्य. आपल्या मराठी भाषांतरातला हा शब्द ऐकताच पानावरचा वरणभात आणि पुरण डोळ्यांसमोर येते, पण तिथे मुख्य प्रश्न मांसाचा होता. बळी दिलेल्या जनावराचा काही भाग वेदीवर जाळला जाई, काही देवळाच्या आवारातल्या पंगतीत खाल्ला जाई आणि उरलेले मांस बाजारात विक्रीलाही येई. म्हणून पौलापुढे तीन वेगवेगळे प्रसंग आहेत: देवळात बसून जेवणे, बाजारातून मांस विकत आणणे आणि विश्वास न ठेवणाऱ्या यजमानाकडे जेवायला जाणे. तिन्हींना तो एकच उत्तर देत नाही, हे आठवा आणि दहावा अध्याय शेजारी ठेवून वाचल्यावरच ध्यानात येते. तुमच्या आजींच्या द्रोणातला शिरा तिसऱ्या प्रसंगाच्या सर्वांत जवळचा आहे, असे मला वाटते.

त्यानंतर ११वा अध्याय घ्या. प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ एकत्र भाकर व द्राक्षारस घेण्याला, जमल्यावर कोणी उपाशी राहतो आणि कोणी मद्याने झिंगतो, ही पौलाची तक्रार आहे. श्रीमंत घरातल्या भोजनदालनात टेकून जेवायला साधारण नऊ जणांची सोय असे, बाकीच्यांना चौकात बसावे लागे. या दृष्टीने जेरोम मर्फी-ओकॉनर यांचे ‘सेंट पॉल्स कॉरिंथ’ हे इंग्रजी पुस्तक अवश्य वाचावे. त्यात प्राचीन लेखकांचे उतारे आणि उत्खननातील माहिती एकत्र मिळते.

शिलालेख_वाचक: वरील सल्ला उत्तम आहे, फक्त घराच्या मांडणीवर फार भार टाकू नये. मंडळी श्रीमंताच्याच घरी जमत असे, हे अलीकडचे काही अभ्यासक मान्य करत नाहीत. दुकानाच्या मागची खोली किंवा कारागिराच्या घराचा वरचा मजला हीही सभेची जागा असू शकते. उपाशी आणि तृप्त यांच्यातील भेद मात्र पत्रातच स्पष्ट आहे, त्यासाठी नकाशाची गरज नाही. एरास्ताच्या लेखाबाबतही अशीच सावधगिरी ठेवावी. करिंथच्या नाट्यगृहाजवळ १९२९ साली मिळालेल्या त्या लेखात एरास्त नावाच्या अधिकाऱ्याने स्वखर्चाने फरसबंदी केल्याचे म्हटले आहे, पण रोमकरांस पत्रातील नगराचा खजिनदार एरास्त तो हाच, हे सिद्ध झालेले नाही.

आणखी एक सुचवतो. पाचव्या अध्यायात पौल आपल्या आधीच्या एका पत्राचा उल्लेख करतो; ते पत्र आज उपलब्ध नाही. सातव्या अध्यायाच्या आरंभी करिंथकरांनीच त्याला लिहून पाठवल्याचे कळते, आणि तेही आपल्यापर्यंत पोहोचलेले नाही. काही वाक्ये करिंथकरांची असून पौल ती खोडून काढण्यासाठी पुन्हा उच्चारतो, असे अभ्यासक मानतात. वाचताना प्रत्येक वाक्य कोणाच्या तोंडचे आहे, हे मंडळात विचारत राहावे.

ओसरी: दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री आठवा आणि दहावा अध्याय सलग वाचले. अंगावर आले ते हे, की यजमानाने वाढलेले न विचारता खावे, पण शेजारी बसलेला कोणी नैवेद्याचा असे बोलला तर त्याच्या विवेकासाठी खाऊ नये, असे पौल सांगतो. आजी नेमके हेच म्हणत असे, आणि आम्हा मुलांना ती हट्टी वाटत असे. पहिला रविवार या दोन अध्यायांचा ठरवला आहे, दुसरा अकराव्याचा.

जुने_बंदर: तिसऱ्या रविवारी पहिले चार अध्याय घ्या, करिंथच्या मंडळीत तट कसे पडले ते आता उलगडेल. चौथ्याला १५वा.