प्रतिसाद: बंदूक आणायची की नाही, हे ठरवणार कोण?

चर्चमध्ये बंदूक नेऊ द्यावी का, या चर्चेत कुणीतरी विचारलंय, ‘देवाच्या दारात बंदूक हवीच कशाला?’ हा प्रश्न मलाही पडतो. पण अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातला वाद जरा वेगळा होता. तिथे २०२२च्या कायद्याने परवानाधारकांनाही प्रार्थनास्थळात बंदूक नेणं गुन्हा ठरवलं, मग पाद्रीबुवांची संमती असो वा नसो. दुकानदाराला मात्र पाटी लावून परवानगी देता येत होती! म्हणून काही पाद्री धर्मस्वातंत्र्याचा मुद्दा घेऊन कोर्टात गेले. मे २०२३मध्ये सरकारने सुरक्षेची जबाबदारी असलेल्यांना सूट दिली.

टेक्सासमध्ये डिसेंबर २०१९ला व्हाइट सेटलमेंट गावच्या चर्चमध्ये स्वयंसेवकाने हल्लेखोराला काही सेकंदांत टिपलं, हे खरं. तरी तेवढ्यात दोघांचा जीव गेलाच. तो स्वयंसेवक नेमबाजी शिकवणारा होता, हेही विसरू नका. आमच्या मंडळाच्या कार्यकर्त्यांकडे शिट्टीसुद्धा द्यायची मला भीती वाटते.